एम.कॉम. दुसरे सत्र: ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) सीएकडे करू की बचत गटांच्या संस्थेत?

प्रश्न: ओजेटीला ४ क्रेडिट आहेत. तास किती भरतात? संस्थेतलं काम कॉमर्सला चालतं का?

उत्तर १: १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे एकूण १२०. रोज ६ तास धरले तर २० दिवस. आधी कॉलेजचं शिफारसपत्र घ्या, मग संस्थेचं स्वीकृतीपत्र. तारखा याच क्रमाने हव्यात. प्रमाणपत्रावर नुसतं ‘एक महिना’ नको, तास आकड्यात लिहून घ्या. बहुतेक प्रमाणपत्रं इथेच परत येतात.

उत्तर २: काम विषयाशी जुळलं की चालतं. गटांची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), सभासदनिहाय कर्जखातं, बँक पासबुकाशी ताळमेळ, हे सगळं अकाउंटिंगच आहे. पण फक्त फोटो काढणं आणि कार्यक्रमात खुर्च्या मांडणं वाट्याला आलं तर अहवालात लिहायला काही उरत नाही. म्हणून स्वीकृतीपत्रातच कामं नमूद करून घ्या.

उत्तर ३: लॉगबुकात (रोजच्या कामाच्या नोंदवहीत) ‘डेटा एंट्री केली’ असं वीस वेळा लिहू नका. ‘३ गटांची मार्चची जमा पासबुकाशी ताडली, एका नोंदीत १०० रुपयांचा फरक’ असं लिहा. सही दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी एकाच पेनाने झालेल्या वीस सह्या परीक्षकाला लगेच कळतात. सीएकडे जायचं तर जुलै टाळा. आयकर रिटर्नच्या गर्दीत शिकवायला कोणालाच सवड नसते.

प्रश्नकर्ता: संस्थेचा शिक्का नसेल तर?

उत्तर १: लेटरहेडवर नोंदणी क्रमांक आणि पदाधिकाऱ्याची सही घ्या, विभागप्रमुखांना आधीच दाखवा.