जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या सेल्फ-डायनमोला लुकासचा कटआउट: चालतो की नाही?

होटगी_रोड: माझं मत आधीच सांगतो, मग तुटून पडा. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १००, कोहलरचं १० हॉर्सपॉवरचं के-२४१ इंजिन, त्यावर पट्ट्याने फिरणारा डेल्को-रेमीचा १२ व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर. म्हणजे सेल्फ आणि डायनमो एकाच बॉडीत. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळालाय. मूळ जोडीचा अमेरिकेतून मागवायचा तर कुरिअर आणि कस्टमच जिवावर येतं. इकडे जुन्या मॅसी-फर्ग्युसन ट्रॅक्टरवरचा लुकासचा कटआउट, म्हणजे रेग्युलेटरचा डबा, भंगारात मिळतो. हेही १२ व्होल्ट, तेही १२ व्होल्ट. ए ला ए, एफ ला एफ जोडायचं, चार्जिंग सुरू. उगाच कंपनीच्या नावाला का कवटाळायचं?

कार्बन_ब्रश: ए ला ए तेवढं करू नका ओ. डेल्कोच्या बॉडीवरचा ए म्हणजे आर्मेचर, डायनमोतला फिरणारा, वीज तयार करणारा भाग. लुकासच्या डब्यावरचा ए म्हणजे अॅमीटरमार्गे बॅटरीकडे जाणारी वायर. तिथे आर्मेचर डी वर येतं. अक्षरं बघून जोडलंत तर बॅटरीचा करंट उलटा डायनमोत जाऊ न देणारे कटआउटचे पॉइंट वाटेतून बाहेरच राहतात. इंजिन बंद असताना बॅटरी चार्जिंगच्या बारीक वायरीतून सेल्फ फिरवू बघणार. आधी वायर तापेल, मग तिचं रबर वितळेल.

आणि अक्षरं बरोबर जोडली तरी गाडं अडतंच. डेल्कोमध्ये फील्डचं, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीचं, एक टोक आतच आर्मेचरच्या प्लसला बांधलेलं असतं, दुसरं एफ वर येतं आणि रेग्युलेटर ते टोक अर्थ करतो. हा ए टाइप. लुकासमध्ये फील्डचं एक टोक आत बॉडीला अर्थ असतं आणि डबा एफ ला डी वरून प्लस देतो. हा बी टाइप. डेल्कोला लुकासचा डबा लावला की फील्डच्या दोन्ही टोकांना प्लसच मिळतं. फील्डमधून करंट शून्य, चार्जिंग शून्य. धूर नाही, वास नाही, म्हणून माणूस पट्टा ताणत आणि बॅटरी बदलत बसतो.

होटगी_रोड: मग हा बी टाइपच आहे की! मीटर लावून बघितलंय. एफ ते बॉडी ६ ओमच्या आसपास दाखवतो. म्हणजे फील्ड आत अर्थ आहे. लुकासला एकदम फिट.

कार्बन_ब्रश: हे रीडिंग दोन्ही टाइपमध्ये तेवढंच येतं. ए टाइपमध्येही एफ पासून फील्ड, तिथून कार्बन, आर्मेचर, दुसरा कार्बन आणि बॉडी असा रस्ता मोकळाच असतो. आर्मेचरचा रेझिस्टन्स इतका कमी की साध्या मीटरला तो दिसतच नाही. ए आणि एफ वरच्या वायरी काढा, मागची पट्टी काढून कार्बन आणि कम्युटेटर (आर्मेचरवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) यांच्यामध्ये जाड कागद सरकवा आणि मग मोजा. एफ ते ए ओम दाखवतो आणि एफ ते बॉडी उघडं, तर ए टाइप. उलट आलं तर बी. कागद काढायला विसरू नका.

विजापूर_रोड_वायंडिंग: एवढं कशाला? बॉडी उघडून फील्डचं आतलं टोक कार्बनवरून सोडा, बॉडीला अर्थ करा. झाला बी टाइप. लुकासचा डबा लावा. रिवाइंडिंगवाल्याला हे तासाभराचं काम.

कार्बन_ब्रश: असं केलंत तर डायनमो उभाच राहणार नाही, म्हणजे व्होल्टेज चढणारच नाही. आधी फील्डमधून करंट कार्बनकडून एफ कडे जात होता, आता एफ कडून त्या टोकाकडे जाईल. दिशा उलटली. फिरण्याची दिशा तीच, त्यामुळे तयार होणारं व्होल्टेज उरलेल्या मॅग्नेटिझमला मारतं. टोकं बदलायलाच हवीत: पूर्वी कार्बनवर असलेलं टोक एफ च्या बोल्टवर आणि एफ वरचं टोक बॉडीला. नाहीतर सेल्फ मारतानाही शंट फील्ड (हीच एफ ची गुंडाळी) सिरीज फील्डच्या (सेल्फसाठीची जाड गुंडाळी) विरोधात जातं आणि कॉम्प्रेशनवर सेल्फ रेंगाळतो.

विजापूर_रोड_वायंडिंग: टोकं बदलायची हे मान्य, ते लिहायला हवं होतं. पण मुद्दा कायम आहे. टोकं बदलली की लुकास चालतो.

कार्बन_ब्रश: कुठला लुकास? मोटारींवरचा आरबी-१०६ बहुतेक १९ ते २२ अँपिअरच्या डायनमोसोबत यायचा. हा स्टार्टर-जनरेटर १० किंवा १५ अँपिअरचा. नेमका आकडा त्याच्या पाटीवरून आणि सर्व्हिस बुकातून काढावा. मोठ्या रेटिंगचा डबा बॅटरी उतरलेली असताना त्याच्याकडून झेपेल त्याहून जास्त करंट काढतो. आर्मेचर तापतं, कम्युटेटरच्या जोडांतलं शिसं वितळून कव्हरच्या आत शिंपडलं जातं. ट्रॅक्टरवरचा ११ अँपिअरचा जोडीदार मिळाला तर बोला, पण भंगारात पाटी शाबूत असलेला डबा शोधून दाखवा.

डाळिंब_सांगोला: पॉइंटवाल्या डब्यांच्या मागे लागताच कशाला? फील्डची अर्थ बाजू चालूबंद करणारा, बाहेर बसवायचा अल्टरनेटरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ए टाइपला जमतो. फक्त कटआउटचं काम वेगळं करावं लागतं, कारण अल्टरनेटरमध्ये करंट एकाच दिशेने सोडणारे डायोड आत असतात, डायनमोत नसतात. ए आणि बॅटरीच्या मध्ये ४० अँपिअरचा शॉटकी डायोड, चांगल्या अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर. १० अँपिअरला त्यात ५ वॉटच्या आसपास उष्णता होते. रेग्युलेटरची व्होल्टेज मोजणारी सेन्स वायर डायोडच्या पलीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूने घ्या, नाहीतर बॅटरीला अर्धा व्होल्ट कमी पडेल. सेल्फचा करंट सोलेनॉइडमधून थेट ए वर येतो, डायोडला त्याचा त्रास नाही.

कार्बन_ब्रश: पटण्यासारखं आहे, पण यात करंटला लगाम नाही. उतरलेली बॅटरी आधी बाहेर चार्ज करून मगच जोडायची, ही अट पाळणार असाल तर ठीक.

डाळिंब_सांगोला: बागेत रात्री दिवे लावून फवारणी करायची नसेल तर १० अँपिअर पुरून उरतात. लगामाची गरज वर्षातून कधीतरीच पडेल.

कार्बन_ब्रश: तीच एक वेळ आर्मेचर खाते. माझ्या मते ए टाइपचा, योग्य अँपिअरचा रेग्युलेटर मागवणंच स्वस्त. आला की डब्याच्या बुडाखालचा रंग खरवडून बसवा आणि बूड ते डायनमोची बॉडी अशी वेगळी अर्थ वायर टाका. इंजिन सुरू करण्याआधी, डायनमोचं प्लस-मायनस पक्कं व्हावं म्हणून, डब्यावरच्या जीईएन (डायनमो) आणि बीएटी (बॅटरी) या बोल्टांमध्ये वायर क्षणभर टेकवा, ठिणगी उडाली की काढा. एफ ला बॅटरी टेकवायची पद्धत बी टाइपची, तीही एफ ची वायर डब्यावरून काढून. ए टाइपच्या डब्याला जोडलेल्या एफ वर ते केलंत तर बॅटरी पॉइंटमधून थेट अर्थ होते.

होटगी_रोड: बरं, मागवतो असं धरा. सेटिंग किती ठेवायचं?

कार्बन_ब्रश: २५ अंशाला १४.४ धरलं तर उन्हाळ्यात, सोलापुरात पारा ४२ वर गेला की, १४ च्या आसपास हवं. लेड-अॅसिड बॅटरीला दर अंशाला साधारण ०.०२४ व्होल्ट कमी लागतात. इंजिन मध्यम वेगावर १५ मिनिटं चालवून, रेग्युलेटरचं कव्हर लावूनच मोजा. आयडलला चार्जिंग दिसलं नाही तर घाबरू नका, एवढ्या पुलीवर ते तसंच असतं.

विजापूर_रोड_वायंडिंग: मे महिन्यात बॅटरीचं पाणी उकळलं तर मग परत लुकासच्या डब्यावर बोलू.