गुहागर तालुका: १:५ उताराच्या नकाशात सगळा तालुकाच लाल येतोय

खाडीकाठ
गुहागर तालुक्यात विकासयोग्य जमीन कुठे आहे याचा प्राथमिक नकाशा करायचा आहे. एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीचा) ३० मीटरचा डीईएम, म्हणजे चौकटीनिहाय उंचीचा नकाशा, उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लोप (उतार काढायचं साधन) चालवला आणि नियमावलीतली बांधकामाची मर्यादा १:५ म्हणजे २० टक्के म्हणून २० च्या वरचं सगळं लाल केलं. आता सपाट सडेसुद्धा (कातळाची पठारं) लाल दिसतात, किंमत सगळीकडे ८९ च्या आसपास. शिवाय जनगणना २०११ चा गावनिहाय तक्ता गावांच्या हद्दींच्या शेपफाइलला जोडला तर बरीच गावं नल (रिकामी) येतात. आणि आरोग्य केंद्रांभोवती ५ किमीचा बफर (सरळ अंतराचं वर्तुळ) टाकून बाहेर राहणारी गावं काढली तर चालेल का?

नकाशेवाला
८९ दिसतंय म्हणजे तुमचा डीईएम अंश-रेखांशात आहे. उंची मीटरमध्ये, आडवं अंतर अंशात. डीईएमची एक चौकट ०.०००२८ अंश रुंद आणि उंचीचा फरक १ मीटर, मग प्रत्येक टेकाडाची भिंत होणारच. आधी वार्प (प्रक्षेपण बदल) करून ईपीएसजी:३२६४३ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पट्टा ४३ मध्ये, आणा. रिसॅम्पलिंग (नव्या चौकटींना उंची देण्याची पद्धत) बायलिनियर, म्हणजे शेजारच्या चौकटींची सरासरी घेणारं, ठेवा; सर्वांत जवळची एकच चौकट उचलणाऱ्या नियरेस्टने उताराच्या नकाशावर पट्टे उमटतात.

दुसरी गोष्ट, क्यूजीआयएसचा स्लोप अंशांत उत्तर देतो. १:५ म्हणजे ११.३१ अंश. २० अंश धरलेत तर मर्यादा थेट ३६ टक्क्यांवर जाते आणि नियमावलीने बांधकामाला बंदी घातलेले उतार तुमच्या नकाशात हिरवे दिसतील. ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण नकाशा दिसायला छान येतो. क्यूजीआयएसमध्येच मिळणाऱ्या जीडीएएल साधनांच्या स्लोपमध्ये टक्केवारीचा पर्याय आहे, तो घेतलात तर २० चालेल.

(विदर्भवाल्यांनी पट्टा ४३ डोळे झाकून लावू नये. ७८ रेखांशाच्या पूर्वेला ४४ लागतो, आणि यवतमाळ जिल्हा त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे.)

शिवार
नलसाठी आधी कोड तपासा. जनगणना २०११ चा गावकोड सहा अंकी आहे. २००१ चा आणि एलजीडीचा (केंद्र सरकारच्या स्थानिक संस्थांच्या सूचीचा) वेगळा. तुमच्या शेपफाइलमध्ये यांपैकी कुठला आहे ते पाहा. कोड तोच असूनही जुळत नसेल तर एक्सेलमधून येताना मागे ‘.०’ किंवा रिकामी जागा चिकटलेली असते.

नावावरून जोडायचा मोह टाळा. रोमन लिपीतून फिरून आलं की पालशेतचं पालशेट होतं, आणि एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यातही निघतात. तरीही काही उरली तर २०११ मध्ये जनगणना शहर ठरलेली गावं असतील, ती शहरांच्या तक्त्यात असतात. ठाण्याचं काम करणाऱ्यांना एक सूचना: पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या तक्त्यात त्याची गावं ठाण्यातच शोधावी लागतात.

पुढे सातबाराचे गट जोडणार असाल तर तो रकाना एक्सेल उघडण्याआधीच मजकूर म्हणून ठरवा. नाहीतर गट १२/३ ची तारीख होते, आणि ती परत गट होत नाही.

वाकडीवाट
बफर नको. दाभोळ आणि धोपावे खाडीच्या समोरासमोर आहेत. बफरमध्ये ती एकमेकांना मिळतात, रस्त्याने मात्र खाडीला लांबलचक वळसा. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घ्या, छेदांवर तोडा आणि नेटवर्क अ‍ॅनालिसिसमधला सर्व्हिस एरिया (रस्त्याने ठरावीक अंतरात पोचणारा भाग) चालवा. रेषांमध्ये अर्ध्या मीटरची फट असली तरी जाळं तिथेच संपतं, म्हणून टॉपॉलॉजी टॉलरन्स (किती फट जुळलेली धरायची ते) १ मीटरच्या आसपास द्या. एखाद्या केंद्राची व्याप्ती विनाकारण आखूड दिसली तर तिथे हमखास फट असते.

जंगलजेट्टी (खाडी ओलांडणारी गाड्यांची फेरीबोट) वेगळी रेषा म्हणून घाला, पण तातडीच्या सेवेच्या गणितात तिला धरू नका. ती रात्रभर चालत नाही.

गावाचा बिंदू म्हणून बहुभुजाचा मध्य घेऊ नका, तो कातळावर नाहीतर जंगलात पडतो. वाड्यांचे बिंदू टाका आणि लोकसंख्या घरांच्या प्रमाणात वाटा. मग केंद्रनिहाय बेरीज सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० या निकषाशी ताडून पाहा.

खाडीकाठ
वार्प करून टक्केवारी घेतली, सडे हिरवे झाले, धन्यवाद. पण आंब्याच्या जुन्या बागांच्या कडा लाल येतात आणि सड्याच्या कडेचे माहितीतले लहान कडे गायब आहेत. असं उलटसुलट कसं?

नकाशेवाला
दोन्हींचं कारण एकच. उतार शेजारच्या दोन चौकटींमधून, म्हणजे ६० मीटरवर मोजला जातो. रडारला झाडाच्या शेंड्याजवळची उंची मिळते, त्यामुळे १२ मीटरच्या झाडीची कड लागली की ६० ला १२, म्हणजे बरोबर १:५. उलट १० मीटरचा खडा कडा त्याच ६० मीटरवर पसरून १७ टक्के होतो आणि सुटतो.

फिल्टर लावून हे जाणार नाही, कडे अजूनच पुसले जातील. १५ ते २५ टक्क्यांचा पट्टा वेगळ्या रंगात ‘तपासणी आवश्यक’ म्हणून दाखवा आणि त्यातल्या गटांसाठी १ मीटर अंतराच्या समोच्चरेषांची (समान उंचीच्या रेषांची) मोजणी मागा. स्थळप्रतींवरच्या (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरच्या) २० मीटरच्या समोच्चरेषा इथे कामाच्या नाहीत, १० मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये आरामात लपतो.