मदत हवी आहे: टेनपिन बोलिंगमध्ये अंगठा सोलतोय, बॉल डावीकडे जातोय. स्वतःचा बॉल घेऊ का?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, क्रिकेटची बोलिंग नाही. दहा पिना पाडायचा तो खेळ. आमच्या वडिलांना अजून वाटतं की आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत डबे पाडायचा स्टॉल असतो, तोच मी पुण्यात जास्त पैसे मोजून खेळतो.

मी सोलापूरचा, वय ३४, टॉवेलचा धंदा. सॅम्पल घेऊन महिन्यातून दोनदा पुण्याला जातो. काम उरकलं की संध्याकाळी तिथल्या एका सेंटरला तीन गेम. दीड वर्ष झालं, स्कोअर ९५ ते १२० मध्येच अडकलाय. एकदाच १४३ झाला होता, तो फोटो बायकोला चार वेळा दाखवून झालाय.

अडचणी अशा. १४ नंबरचा बॉल घेतो, कारण बरोबरचे सगळे तोच घेतात. तिसऱ्या गेमला अंगठ्याच्या सांध्यावरची कातडी सोलते, दुसऱ्या दिवशी चलनावर सही करताना पेन धरवत नाही. बॉल नेम धरला तिथे न जाता डावीकडे ओढला जातो. कधी पहिल्या पिनेवर नाकासमोर बसला तर दोन्ही कोपऱ्यांत एकेक पिन हत्तीच्या सुळ्यांसारखी उभी राहते. आणि उजव्या कोपऱ्यातली १० नंबरची पिन एकटी उरली की ती माझी नाहीच, असं आता मीच धरून चालतो.

कॉलेजात ऑफस्पिन टाकायचो, त्यामुळे मनगट आपोआप फिरतं. त्याचाच गुण असेल का?

एका दुकानदाराने रिअ‍ॅक्टिव्ह बॉल सुचवलाय, म्हणतो हा घेतला की स्कोअर ३० ने वाढलाच समजा. घ्यावा का? आणि सोलापुरात लेन (बॉल टाकायची पट्टी) हाताशी नसताना घरी काय सराव करता येईल?

पेठेतला: धंदा टॉवेलचा आणि बॉल हातातून सटकतो? मालक, आधी एक टॉवेल स्वतःसाठी ठेवा की!

तिसराबाण: वरचे हसण्यावारी बोलले, पण टॉवेल खरंच लागतो. लेनवर तेल असतं, ते बॉलला लागतं. प्रत्येक टाकणीआधी पुसायची सवय लावा.

आता अंगठा. बॉलवरचा १४ म्हणजे १४ पौंड, जवळजवळ साडेसहा किलो. वजन पेलतं की नाही यापेक्षा भोकं हाताला बसतात की नाही ते बघा. अंगठा पूर्ण आत घाला. मधलं बोट आणि अनामिका भोकांवर नुसती आडवी ठेवा. दोन्ही बोटांचा दुसरा सांधा भोकाच्या अलीकडच्या कडेपाशी यायला हवा. तो फार पुढे किंवा मागे राहिला तर बॉल पडू नये म्हणून माणूस अंगठा आत वाकवून आवळतो. सोलतो तो तिथेच. अंगठ्याचं काम फक्त आत सरळ राहायचं आणि सोडताना सगळ्यांत आधी बाहेर यायचं. तुमचा आवळलेला अंगठा उशिरा सुटतो, तेवढ्यात हात अंगासमोरून डावीकडे वळतो, बॉलही तिकडेच. म्हणजे तुमच्या पहिल्या दोन अडचणी एकच आहेत.

११ किंवा १२ चा घ्या आणि रॅकवरचे चार-पाच बॉल घालून बघा. चप्पल घेताना बघतो ना, तसं. मित्र काय उचलतात ते सोडून द्या.

ऑफस्पिनबद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत. इथे मनगट फिरवून फिरकी काढायची नाही. हात घड्याळाच्या लंबकासारखा खांद्यातून झुलला पाहिजे, जोर बॉलच्या वजनाचा. सोडल्यावर तळवा समोर आणि हात वर कानापर्यंत. नजर पिनांवर नको. फाउल लाईन म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नाही ती रेघ. तिथून पिना ६० फुटांवर, लेनवर काढलेले बाण साधारण १५ फुटांवर. जवळच्या खुणेवर नेम धरणं कधीही सोपं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवीकडून दुसऱ्या बाणापासून सुरुवात करावी. बॉल १ (सगळ्यांत पुढची) आणि ३ (तिच्या मागची उजवीकडची) नंबरच्या पिनांमधल्या खाचेत शिरायला हवा. नाकासमोर बसला की सुळे राहणारच.

मृणालिनी_के: बॉलच्या प्रश्नावर लिहिते. रिअ‍ॅक्टिव्ह आत्ता घेऊ नका. तो तेल संपलं की लेनला पकड घेऊन जोरात वळतो. साध्या लेनवर तेल मधे जास्त आणि कडेला कमी असतं, त्यामुळे तुमची टाकणी दोन फळ्या (लेनमधल्या लांब अरुंद पट्ट्या) इकडेतिकडे झाली तर तो बॉल ती चूक मोठी करून दाखवेल. साधा प्लॅस्टिकचा बॉल सरळ जातो. मुरलेले खेळाडूसुद्धा कोपऱ्यातली पिन पाडायला तोच काढतात. घ्यायचाच असेल तर प्लॅस्टिकचा, आणि भोकं तुमचा हात मापून पाडून देणार असतील तरच. नुसता बॉल कुरिअरने मागवून तुम्ही करणार काय?

त्याआधी बूट घ्या. भाड्याच्या बुटांत रोज वेगळी घसर मिळते. उजव्या हाताचा खेळाडू शेवटचं पाऊल डाव्या पायाने घसरवतो. तिथे पाय अडकला की खांदा पुढे झुकतो आणि बॉल डावीकडे. तळ ओला होऊ देऊ नका, पाण्याच्या थेंबावर पाय पडला तर तोंडावर पडाल. मी पडलेय.

१० नंबरच्या पिनेसाठी पाय हलवा, नेम नाही. पिन उजवीकडे तर उभं राहायचं डावीकडे, आणि लेनवरून तिरपा टाकायचा. अशाने बॉलला सगळ्यांत जास्त जागा मिळते. स्ट्राइकचं (पहिल्याच बॉलला दहाही पिना) वेड थोडं कमी करा. एकही स्ट्राइक न पाडता गेमच्या दहाही फ्रेममध्ये (दोन बॉलच्या पाळीत) ९ आणि मग स्पेअर (उरलेली पिन दुसऱ्या बॉलने), शेवटच्या जादा बॉललाही ९, तर स्कोअर होतो १९०! तुम्ही १४३ चा फोटो काढलाय.

आणि पुढे कधी बॉल घेतलात तर एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात तो तडकायचा.

तिसराबाण: घरच्या सरावाचं राहिलं. गच्चीवर खडूने आडवी रेघ मारा, तीच फाउल लाईन. मागे १५ फूट जागा हवी. पिशवीत दोनेक किलो ज्वारी घालून हात झुलवत चार पावलं: उजवा, डावा, उजवा, आणि डावा घसरवत रेघेच्या अलीकडे थांबा. पहिल्या पावलाबरोबर पिशवी पुढे ढकलायची. पिशवी मांडीला घासली किंवा मागे जाताना पाठीआड वळली तर समजा, हात सरळ झुलत नाहीये. पिशवी सोडू नका मात्र, खाली कोणीतरी राहत असेल.

धागाकर्ता: ताई, दादा, मनापासून आभार. पंधरा दिवस गच्चीवर ज्वारी झुलवली. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, मुलाला काही त्रास आहे का.

काल पुण्यात होतो. १२ नंबरचे पाच बॉल घालून बघितले, चौथा बसला. स्कोअर १०९, १३१, १२६. अंगठा शाबूत आहे, आज सकाळपासून सह्या चालू आहेत. १० नंबरची पिन सात वेळा एकटी राहिली, तीन वेळा पाडली. डावीकडून तिरपं टाकताना पहिले दोन बॉल थेट लेनच्या कडेच्या गटारात गेले, पण मग जमायला लागलं.

दुकानदाराला नाही म्हणून कळवलंय. बूट बघतोय. आता नवीनच भानगड: तिसऱ्या पावलाला मी पळायलाच लागतो, बॉल मागे राहतो आणि पाय आधी रेघेवर पोचतात. गच्चीवर असं होत नाही, लेनवरच होतं. यावर काय करू?