मदत हवी आहे : ‘कॅप्टन व्योम’च्या नव्या कथांसाठी परवानगी कोणाकडे मागावी?

दूरदर्शनवर १९९८ मध्ये आलेल्या आणि मिलिंद सोमण यांनी नायक रंगवलेल्या ‘कॅप्टन व्योम’ या अंतराळ-विज्ञानमालिकेचे कथानक पुढे नेणाऱ्या तीन श्रुतिका ठाण्यात, नौपाड्यातल्या आम्ही काही मित्रांनी लिहिल्या आहेत. पहिल्या वाचनात यानाचे दार उघडल्याचा आवाज पिठाच्या डब्याचे झाकण फिरवून काढला, आणि तो झकास जमला. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका १९८९ मध्ये थांबून २००५ मध्ये नव्या कथांसह परतली खरी, परंतु तिला परत आणणारी बीबीसी मूळचीच मालक होती. आम्ही पडलो निव्वळ प्रेक्षक. चित्रीकरणाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे ६० वर्षे टिकतो. तिकीट न लावता सादरीकरण केले तरी लेखी परवानगी लागते का, आणि ती निर्मात्यांकडे मागावी की दूरदर्शनकडे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.