पुरात गच्चीवर कुत्री घेतली. शेजाऱ्यांना विचारायला हवं होतं का?

कृष्णाकाठची
ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून खालच्या तीन घरांतली अकरा माणसं आमच्याकडं आली. लाइट नाही, टाकीतलं पाणी तांब्यानं मोजून. तिसऱ्या दिवशी तांदूळ कुणाचा आणि पीठ कुणाचं याचा हिशेबच राहिला नाही. ज्यांच्याशी पार्किंगवरून वर्षभर अबोला होता, त्यांच्या आजींना आमच्या सासूबाईंनी स्वतःचा पलंग दिला.

वाद झाला तो गल्लीतल्या कुत्रीवरून. ती एकेक पिल्लू तोंडात धरून जिन्यात आणत होती. एक पायरी बुडाली की वरच्या पायरीवर. चार पिल्लं होती. मी त्यांना गच्चीवर नेलं. दोन घरांचा कडक विरोध होता, त्यातल्या एक काकू आजही माझ्याशी मोकळेपणानं बोलत नाहीत. पण सहा वर्षं आमच्या दारातली भाकरी खाऊन रात्री गल्ली राखणारं जनावर डोळ्यांदेखत बुडू द्यायचं, हे मला जमलं नसतं. आजही जमणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

पंचगंगेची लेक
ताई, मी त्या काकूंच्या बाजूनं बोलते. त्याच पुरात कोल्हापुरात आम्ही दुसऱ्याच्या घरी उतरलो होतो, माझा मुलगा दीड वर्षाचा. त्यांनीही रस्त्यावरची दोन कुत्री आत घेतली. मला भीती वाटत होती, रात्रभर मुलाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पण बोलणार कोणत्या तोंडानं? ज्यांच्या छपराखाली आहोत, ज्यांचं अन्न खातोय, त्यांना नको म्हणता येत नाही. तुमच्या काकू निदान बोलल्या, मी गप्प बसले. दया करणाऱ्यानं आपल्याकडं आश्रयाला आलेल्या माणसाकडं आधी बघावं, एवढंच म्हणणं आहे.

वाळव्याचा शेतकरी
शहरात वाद कुत्रीवरनं, आमच्याकडं म्हशीवरनं. बोट आली, जवान म्हणाले चला. वडील म्हणाले, जनावरं गोठ्यात बांधून मी येत नाही. अशी माणसं दर पुरात गावोगाव अडून बसतात, कारण गोठा म्हणजे घरचा पगार. चुलते छातीभर पाण्यात जाऊन दावी कापून आले. दोन म्हशी पोहत माळाला लागल्या. तिसरीची गाठ भिजून आवळली होती, विळा पोचेपर्यंत उशीर झाला.
तेव्हापासून आमच्या वस्तीचं ठरलंय. आयर्विनला पाणी इशारा पातळीला, म्हणजे ४० फुटाला टेकलं की जनावरं माळावर. जाता येत नसेल तर निदान दावं सोडायचं, मोकळं जनावर पोहतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा हेच केलं.
आणि रस्ते बंद, दूध संकलनाची गाडी नाही, म्हणून धार काढायची थांबत नाही. नाही काढली तर कासदाह होतो, म्हणजे कास सुजते. ते दूध शाळेत उतरलेल्या लोकांना घागरीनं दिलं. त्यात आमचं भांडण असलेली घरंही होती.

दवाखान्यातली
मी परिचारिका आहे. कृष्णाकाठच्या ताईंचं मन कळतं, पण नुकतीच व्यालेली कुत्री सर्वांत आधी चावते. पिल्लाजवळ लहान मूल गेलं की संपलं. चावल्यावर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची असते, आणि तुमच्याकडं पाणी तांब्यानं मोजून होतं. लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी, आणि दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदीर, कुत्री, गुरं यांचं मूत पुराच्या पाण्यात मिसळतं आणि पायाच्या भेगेतून शिरतं.
कुत्रीला मारा असं मी म्हणत नाही. वेगळी ठेवा, आणि दर पावसाळ्याआधी गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचून घ्या.

मिरजकर
मला हा सगळा विषयच चुकीच्या टोकाकडून मांडलेला वाटतो. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गर्दी झालेली बोट उलटली आणि बायका-मुलं बुडाली. माणसांनाच बोटी पुरत नव्हत्या. अशा वेळी कुत्र्यामांजरांवर एक मिनिटही घालवणं मला मान्य नाही.

परदेशी सांगलीकर
मिरजकर, नेमकं यावरच अमेरिकेत २००६ साली कायदा झाला. आदल्या वर्षी कॅटरिना वादळात कितीतरी लोक पाळीव जनावर सोडून यायचं नाही म्हणून घरातच थांबले. त्यानंतर लोकांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या जनावरांचाही विचार करणं आलं. वाळव्याच्या दादांचे वडील तेच तर म्हणत होते.

मिरजकर
पाळलेल्या जनावराचं पटतं. भटक्याचं नाही.

कृष्णाकाठची
मिरजकर, ती कुणी पाळलेली नव्हती, पण पूर्ण गल्लीची होती. माणसांची बोट अडवून मी तिला वर आणलं नाही, जिन्यातून उचलून आणलं. यावर मी ठाम आहे.

पण पंचगंगेच्या ताई, तुमचं वाचून दुपारभर कामात लक्ष लागलं नाही. आमच्या काकूंची नात तेव्हा तीन वर्षांची होती. मी त्यांना दगडाच्या काळजाची समजत आले. त्या घाबरल्या असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गच्चीचं दार लागत नव्हतं, फुगलं होतं, आणि पोरगी सारखी पिल्लांकडं धावत होती. पिल्लं वर आणायच्या आधी मी ते दार बघायला हवं होतं. आज संध्याकाळी खाली जाऊन काकूंना हे सांगणार आहे.

पंचगंगेची लेक
सांगा नक्की. सुतार बोलवाल तेव्हा कडी बाहेरून आणि उंचावर लावायला सांगा, पोरांचा हात पोचणार नाही अशी.

वाळव्याचा शेतकरी
आणि दार तासून घ्या ताई, पावसात परत फुगतंय.