विषय: १९ ऑक्टोबरचा मोर्चा आणि मंडळाचे निवेदन

प्रेषक: कार्यवाह
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सविनय नमस्कार, आणि दीपावलीच्या व आजच्या भाऊबिजेच्या शुभेच्छा.

गेल्या रविवारी, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, मेलबर्नच्या मध्यवस्तीत ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’चा स्थलांतरितांविरुद्धचा दुसरा मोर्चा निघाला. त्याला विरोध करण्यासाठी जमलेले लोक आणि पोलीस यांच्यात पुढे काय झाले, ते आपण बातम्यांत पाहिले आहे. आपल्या तिघा सभासदांनी राज्य सरकारला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा पाठवला आहे. स्थलांतरितांविरुद्धच्या सर्व मोर्चांवर सरकारने बंदी घालावी आणि यापुढे शहरात कोणताही मोर्चा पोलिसांच्या पूर्वपरवानगीशिवाय निघू देऊ नये, अशा त्यातील दोन मुख्य मागण्या आहेत. दगड-बाटल्या फेकणाऱ्या विरोधकांचाही ‘तितकाच तीव्र’ निषेध करणारे एक वाक्य शेवटी आहे. मसुदा रविवारच्या कार्यकारिणीपुढे ठेवायचा असल्याने हरकती आणि सूचना शनिवारी रात्रीपर्यंत कळवाव्यात.

आपला नम्र,
कार्यवाह

प्रेषक: एक आजीव सभासद, ग्लेन वेव्हर्ली
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

कार्यवाह महोदय, स. न. वि. वि.

मसुदा लिहिणाऱ्या तिघांच्या भावनेशी माझे भांडण नाही. ३१ ऑगस्टच्या पहिल्या मोर्चाच्या प्रचारपत्रकात एकाच देशाच्या लोकांचे नाव घेतले होते आणि ते आपले होते. शंभर वर्षांत जितके ग्रीक आणि इटालियन आले त्यांहून अधिक भारतीय पाच वर्षांत आले, असे त्यात म्हटले होते. हा हिशेब जनगणनेच्या आकड्यांपुढे टिकत नाही. २०१६ साली भारतात जन्मलेले ४,५५,३८९ लोक येथे होते आणि २०२१ साली ६,७३,३५२, म्हणजे पाच वर्षांतली वाढ सुमारे २ लाख १८ हजार. केवळ इटलीत जन्मलेल्यांची संख्या १९७१ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ९० हजार होती; त्यात ग्रीक मिळवायचे अजून राहिलेच. असा खोटा हिशेब मांडून मोर्चा काढणाऱ्यांविषयी मला कसलेही ममत्व नाही.

असा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तो मात्र मराठीत. १९६० च्या दशकात ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून येत, आणि आमच्या दादरच्या चाळीत त्या मोठ्याने वाचल्या जात. तळमजल्यावर पालघाटकडचे एक टंकलेखक राहत असत. त्यांना कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. फक्त सकाळी लुंगी नेसून नळावर येणे त्यांनी थांबवले आणि दोन पायजमे शिवून घेतले. त्या पायजम्यांवर चाळीतली आम्ही पोरे हसत होतो. हे येथे सांगणे काही सभासदांना आवडणार नाही, तरी सांगतो, कारण निवेदनात ‘आमच्या संस्कृतीत असला द्वेष कधीच नव्हता’ असे जे वाक्य आहे, ते आपण सही करून सरकारला देऊ नये.

आता मागण्यांविषयी. मोर्चाला पूर्वपरवानगी हवी, ही मागणी मला सर्वांत घातक वाटते. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात आज अशी परवानगी घेण्याची पद्धतच नाही, आणि तिचा फायदा आपण स्वतः घेतलेला आहे. २००९ साली भारतीय विद्यार्थ्यांवर एकामागून एक हल्ले होत होते, तेव्हा ३१ मे रोजी हजारो विद्यार्थी मोर्चाने निघाले आणि फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात ठाण मांडून बसले. मी त्या संध्याकाळी थर्मासमधून चहा घेऊन तेथे गेलो होतो. ट्राम अडल्या होत्या, मोटारवाले संतापले होते, आणि शेवटी पोलिसांनी मुलांना उचलून चौक मोकळा केला. पण त्या बैठकीपूर्वी आपले म्हणणे कोणी फारसे ऐकत नव्हते आणि त्यानंतर दिल्लीपासून कॅनबेरापर्यंत सर्वांना ऐकावे लागले. परवानगीचा कायदा असता, तर वाहतुकीचे कारण पुढे करून पहिला नकार त्या मुलांनाच मिळाला असता. आज आपल्याला नको असलेल्या लोकांना अडवण्यासाठी जो अधिकार आपण पोलिसांच्या हाती देऊ पाहतो, तो कोणत्या सरकारच्या काळात कोणाविरुद्ध वापरला जाईल, हे आपल्या हाती राहत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्यांना जमावबंदीचे हुकूम नव्याने समजावून सांगायला नकोत.

न्यू साउथ वेल्समध्ये मोर्चाची आगाऊ सूचना पोलिसांना देण्याची सोय आहे. ती दिली आणि मान्य झाली की रस्ता अडवल्याच्या गुन्ह्यापासून संरक्षण मिळते. पोलिसांना विरोध करायचा असल्यास त्यांना न्यायालयात जावे लागते. याच वर्षी सिडनी हार्बर ब्रिजवरून गाझासाठी मोर्चा काढायचे ठरले, तेव्हा पोलीस राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने मनाई नाकारली, आणि ३ ऑगस्टला भर पावसात हजारो लोक पूल ओलांडून गेले. महिन्याच्या अखेरीस त्याच शहरात स्थलांतरितांविरुद्धचा मोर्चा निघाला. पहिला मोर्चा ज्यांना प्रिय होता त्यांना दुसरा सहन करावा लागला, आणि दुसरा ज्यांना प्रिय होता त्यांना पहिला. मला ही व्यवस्था सोयीची वाटत नाही, पण तिच्याहून बरी दुसरी मला ठाऊक नाही.

याचा अर्थ, वाटेल ते बोलण्याची मुभा आहे, असा नाही. अमेरिकेच्या घटनेतले जे दाखले आपल्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहेत, ते येथे लागू होत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्याचे स्पष्ट कलम नाही. उच्च न्यायालयाने (देशातले सर्वांत वरचे न्यायालय येथे हेच) १९९२ पासून राजकीय चर्चेचे एक अध्याहृत स्वातंत्र्य मान्य केले आहे, पण ते कायदेमंडळावरचे बंधन आहे, व्यक्तीच्या खिशातला परवाना नव्हे. वांशिक भेदभावविरोधी कायद्यातले १८ सी हे कलम १९९५ पासून आहे. वंशावरून सार्वजनिकरीत्या अपमान वा धाकदपटशा केल्यास त्याखाली तक्रार करता येते, पण तो दिवाणी मामला आहे, त्यात तुरुंग नाही. ते कलम सैल करण्याच्या खटपटीत २०१४ साली त्या वेळच्या ॲटर्नी जनरलांनी, लोकांना द्वेष्टे असण्याचाही हक्क आहे, अशा अर्थाचे उद्गार संसदेत काढले होते, आणि सरकारला तो बेत काही महिन्यांत सोडावा लागला. मेलबर्नमधल्या राज्य संसदेच्या पायऱ्यांवर मार्च २०२३ मध्ये नवनाझींनी सलाम ठोकले, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरियाने तो सलामही बेकायदा ठरवला. आणि मसुदाकारांच्या नजरेतून निसटलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या २० सप्टेंबरपासून राज्यात नवा फौजदारी कायदा लागू झाला आहे, ज्यात द्वेष चेतवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि वंश, धर्म अशा एखाद्या समूहातला असल्यामुळे कोणाला शारीरिक इजेची धमकी देण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पहिला मोर्चा या कायद्याच्या आधीचा आणि दुसरा नंतरचा. बंदी मागण्याऐवजी, व्यासपीठावरून जे बोलले गेले ते या कायद्याच्या कसोटीवर तपासले का, असा प्रश्न आपण सरकारला विचारावा.

विरोधी जमावाविषयीचे शेवटचे वाक्य मात्र मला मान्य आहे. १९ तारखेला दगड-बाटल्या फेकल्याचा ठपका पोलिसांनी त्या बाजूच्या काही लोकांवर ठेवला; रबरी गोळ्या आणि मिरचीचा फवारा वापरला गेला; आणि दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती मोर्चातल्या भाषणांची नव्हे, त्या बाटल्यांची. मोर्चेकऱ्यांना इतका स्वस्त जाहिरातदार दुसरा मिळाला नसता.

आपला,
ग्लेन वेव्हर्लीचा एक जुना सभासद

प्रेषक: एक सभासद, फुटस्क्रे
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५, सकाळी

काका, नमस्कार.

पूर्वपरवानगीची मागणी काढून टाकावी हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटले. बंदीबद्दलही मी हट्ट धरणार नाही. पण तुमच्या पत्रात मोर्चे म्हणजे पाळीपाळीने वापरायचे सामायिक अंगण आहे, असा जो भाव आहे, तो ३१ ऑगस्टचा रविवार मी जसा पाहिला त्याच्याशी जुळत नाही.

त्या दिवशी गौरी आवाहन होते. आई आणि मी फुले आणि केळीची पाने घेऊन घरी निघालो होतो, आणि स्टेशनवर झेंडे पांघरलेल्या लोकांचा एक मोठा घोळका डब्यात चढला. ते आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आईने मंगळसूत्र स्वेटरच्या आत सरकवले, पानांची पिशवी पायाशी ठेवली आणि माझ्याशी मराठीत चाललेले बोलणे मध्येच थांबवून, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली. यात कोणता गुन्हा घडला? नव्या कायद्याखालीही काहीच नाही, हे मला कळते. तुमच्या पालघाटच्या शेजाऱ्यांनाही कोणी शिवी दिली नव्हती.

दुसरे म्हणजे, भाषण आणि कृती यांत तुम्ही काढलेली रेघ त्या दिवशी दुपारपर्यंतच टिकली. नवनाझींच्या म्होरक्याला संसदेच्या पायऱ्यांवरून बोलू दिले गेले, आणि नंतर काळ्या कपड्यांतल्या माणसांच्या एका टोळीने किंग्ज डोमेनमधल्या ‘कॅम्प सॉव्हरेन्टी’वर, म्हणजे मूळनिवासींच्या पूर्वजांच्या अस्थी जेथे पुरल्या आहेत त्या जागेवरच्या छावणीवर, हल्ला केला. त्या म्होरक्यावर आरोप ठेवले गेले आहेत आणि पुढचे न्यायालय ठरवील. माझे म्हणणे इतकेच की, मोर्चात आलेले सगळे नाझी नव्हते हे खरे असले, तरी माईक कोणाच्या हाती जातो यावर मोर्चा कोणाचा ते ठरते, आणि त्या दिवशी त्या पायऱ्यांवरून खाली उतरून निघून जाणारे मला फार दिसले नाहीत.

आणि विरोधकांविषयी. बाटली फेकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ३१ तारखेला आणि १९ तारखेलाही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी हातात फलकाखेरीज काही धरले नव्हते. त्यात ग्रीक आडनावांच्या आजीबाई होत्या, कामगार संघटनांचे लोक होते, माझ्या वॉर्डातल्या दोन नर्स होत्या. आपले मंडळ नव्हते, मीही नव्हते. ज्यांनी आपल्यासाठी उन्हात उभे राहण्याचे कष्ट घेतले, त्यांचा ‘तितकाच तीव्र’ निषेध घरी बसून फराळ करणाऱ्यांनी करावा, हे मला कृतघ्नपणाचे वाटते. ते वाक्य राहिल्यास माझी सही धरू नये.

आपली,
फुटस्क्रेची सभासद

प्रेषक: एक आजीव सभासद, ग्लेन वेव्हर्ली
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५, रात्री

चि. सौ., अनेक आशीर्वाद. कार्यवाह महोदय, हे पत्र हरकतींच्या मुदतीत धरावे.

‘तितकाच तीव्र’ हे शब्द काढावेत. माझ्या पत्रातला तो परिच्छेद मी दुपारी पुन्हा वाचला आणि मला तो उगाच शहाजोग वाटला. त्या जागी, शांततेने विरोध करणाऱ्यांचे आभार आणि कोणाही बाजूच्या हिंसेला नकार, अशी दोन स्वतंत्र वाक्ये असावीत; आभाराचे वाक्य आधी असावे.

सामायिक अंगणाविषयी मात्र मी माझे मत सोडत नाही. आईंना त्या डब्यात जे वाटले ते कायद्याने टाळता आले नसते; ते टाळायचे तर माणसांना झेंडे पांघरून रेल्वेत बसण्याची मनाई करावी लागेल, आणि २६ जानेवारीपासून गणेश विसर्जनापर्यंत कोणाकोणाला उतरवणार? पण त्यातून एक मागणी निघते जी माझ्या ध्यानात आली नव्हती. पोलीस दोन जमावांच्या मध्ये कडे करतात, ते चौकात. स्टेशनांवर आणि गाड्यांत, जेथे कोणत्याही जमावात नसलेली माणसे असतात, तेथे त्या दिवशी कोण असते? मोर्चाच्या दिवशी रेल्वे आणि ट्रामवर जादा बंदोबस्त असावा, मोर्चाचा मार्ग आणि वेळ आदल्या दिवशी अनेक भाषांत जाहीर व्हावी, आणि प्रवासात घडलेल्या प्रकाराची तक्रार मराठीतूनही देता यावी, या तीन गोष्टी निवेदनात घालाव्यात असे मी सुचवतो. २० सप्टेंबरच्या कायद्याखाली दुसऱ्या मोर्चानंतर काय कारवाई झाली, हा प्रश्न चौथा.

संस्कृतीविषयीचे वाक्य कृपया काढून टाकावे. त्याबद्दल अजून कोणीच काही लिहिले नाही.

उद्याच्या सभेला कोणी तरी स्टेशनवरचा तो प्रसंग सांगितला, तर मागण्या नुसत्या कागदी राहणार नाहीत. नाव न घेता सांगितलेला आईंना चालेल का, हे विचारून सकाळी दहापर्यंत कळव. त्यांना नको असेल, तर मी माझ्या चाळीची गोष्ट सांगेन.

आपला,
ग्लेन वेव्हर्ली