मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर साडेतेरा हजार, मग तास किती?

नमस्कार मंडळी,

आई जानेवारीत पहिल्यांदाच एकटी येतेय, मुंबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को. वय 72, बीपीची गोळी रोज सकाळी 8 ला. नेटवर अंतर बघितलं तर साधारण 13,500 किमी, 900 च्या स्पीडने भागलं की 15 तास, पण तिकिटावर 16 आहेत आणि परतीचे 17, अंतर तर तेच ना? आणि आईचं फोनवर एकच, "दुपारी 2 ला निघून त्याच दिवशी साडेचारला कशी पोचेन मी?" कोणी नीट समजावेल का प्लीज

– सनीवेल

---

अरे आईंचं आधी सांगतो. थंडीत आपण कॅलिफोर्नियावाले भारताच्या साडेतेरा तास मागे, म्हणजे त्या 2 ला निघतील तेव्हा इथे रात्रीचा साडेबारा वाजलेला असणार, त्यात 16 मिळव, झाले दुपारचे साडेचार. बसायचं मात्र पूर्ण 16 तास, ते त्यांना स्पष्ट सांग.

आता अंतर. ते 13,500 म्हणजे गोलावर ताणून धरलेला दोरा. मुलांचा ग्लोब असेल तर खरंच धरून बघ, दोरा सायबेरियाच्या माथ्यावरून आर्क्टिकला जातो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. विमान तसंच जाईल असं नाही, वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत फार जोरात, तो पाठीशी मिळाला तर लांबचा रस्ताही लवकर संपतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून आणलं, अंतर सुमारे 1,400 किमी वाढून 15,300 च्या आसपास गेलं, तरी साडेचौदा तासात पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! परतीला तोच वारा समोरून आला की तास वाढतात. शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, रनवेवर रांगेत उभं राहणं सगळं त्यात धरलेलं. म्हणून किमी बघून काळजी करू नकोस, तास बघ.

– फ्रीमाँट

---

माझे सासू-सासरे दोनदा आलेत म्हणून लिहिते. व्हीलचेअर आत्ताच बुक करा, चालता येत असलं तरी, इमिग्रेशनची रांग फार लांब असते. सीट आईलची घ्या म्हणजे दर दोन तासांनी उठून पाय मोकळे करता येतील. आणि गोळीचं, भारतातले सकाळचे 8 म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा त्या कदाचित बॅगेची वाट बघत उभ्या असतील, म्हणून गोळ्या चेक-इन बॅगेत अजिबात नकोत, पर्समध्येच, प्रिस्क्रिप्शनसकट. पुढच्या दिवसांची वेळ कशी बदलायची ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

– डब्लिन (कॅलिफोर्नियातलं)

---

खूप आभार! काल आईला व्हिडिओ कॉलवर ग्लोब आणि दोरा दाखवला, म्हणाली हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवते, 8 वाजले की गोळी घेईन. साडेसहाला मी पाण्याची बाटली घेऊन बाहेर उभा असेन.

– सनीवेल